पुलापलीकडचा साडू

मेस्त्रीला उभ्या आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला. पण तो इतका वाटला की दहा जणांत वाटून दिला असता तरी प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर आला असता. तो माणूस म्हणजे त्याचा साडू, भिंगरी.

साडूचं नातंच तसं अवघड. एका घरच्या दोन बहिणी, एकीचा नवरा असा, दुसरीचा तसा. सासूपासून शेजारणीपर्यंत ज्याला त्याला दोघांना शेजारी उभं करून पाहायची खोड. त्यात हे दोघे एकाच कामाचे. जुने सोफे उसवायचे, आतल्या स्प्रिंगा बदलायच्या, फोम भरायचा आणि वरून नवं कापड ताणून बसवायचं, हे काम दोघांनी एकाच म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली उचललं होतं. उस्ताद तोंडात बारीक चुका धरून काम करायचा. एकेक चूक जिभेने ओठावर आणायची आणि हातोडीने ठोकायची. "तोंडात चुका असल्या की बोलण्यात चुका होत नाहीत," असं त्याचं म्हणणं. नावं ठेवायची मात्र त्याला भारी हौस. एकाला तो खिळा म्हणायचा, कारण बसवला तिथे बसायचा. दुसऱ्याला भिंगरी, कारण त्याला बसवणंच अवघड. खिळा पुढे स्वतःचं दुकान काढून मेस्त्री झाला. भिंगरीचं नाव काही बदललं नाही.

गाव नदीकाठचं. या काठाला एक देश, त्या काठाला दुसरा, मधे एक पूल. पुलाच्या मध्यावर चौकी होती. तिथे ओळखपत्र दाखवलं की पहारेकरी जांभई देत मान हलवायचा. दोन्ही काठांना भाषा एकच, पाऊस एकच, डाससुद्धा एकच. फरक काय तो कचेऱ्यांचा, आणि तो किती आहे हे मेस्त्रीला फार उशिरा कळलं.

मेस्त्रीने दुकान काढलं तेव्हा त्याचे केस काळे होते. ते उघडेपर्यंत कानशिलं पांढरी झाली. फोमला आग लागते, म्हणून अग्निशमनवाल्यांचा दाखला हवा. तो हवा तर आधी विजेचा मीटर हवा. मीटर हवा तर दुकानाचा परवाना हवा. आणि परवाना मागायला गेलं की खिडकीतला माणूस विचारायचा, "अग्निशमनचा दाखला कुठाय?" एका साहेबाला शटर ठेंगणं वाटलं, तर दुसऱ्याला पाटी रुंद वाटली. चार बोटं जास्त आहे म्हणाला. मेस्त्रीने पाटी तिथल्या तिथे करवतीने कापली, आणि शेवटचं अक्षर चेंगरून पुन्हा रंगवून घेतलं. चपला झिजल्या, कचेऱ्यांचे उंबरठे झिजले, कुठल्या साहेबाची कुठल्या वारी बायकोशी भांडणं होतात हेसुद्धा पाठ झालं. बंद दुकानाचं भाडं तेवढं नियमाने जात राहिलं.

उघडल्यावरही सुटका नव्हती. मागच्या खोलीत त्याची बायको शिलाई मशीनवर गाद्यांची कव्हरं शिवायची. तिचा हात असा की शिवण कुठून सुरू झाली आणि कुठे संपली हे शोधूनही सापडू नये. एके दिवशी तपासनीस आला, मागे डोकावला आणि म्हणाला, "या बाई कोण?"

"बायको."

"काम करतात ना? मग कामगार झाल्या. कामगार असला की परवाना वेगळा."

त्या संध्याकाळी मेस्त्रीने मशीन हातगाडीवर घालून घरी नेलं. बायको दोऱ्याची रिळं ओच्यात घेऊन मागून चालत आली. कव्हरं घरून शिवून येऊ लागली, आणि विषय मिटला असं मेस्त्रीला वाटलं.

एवढं सगळं सोसल्यावर माणसाला त्याचा अभिमान वाटायचाच. गिऱ्हाईक खुर्चीचा पाय मोडला म्हणून यायचं आणि परवान्याची कथा ऐकून जायचं. "दुकान काढणं म्हणजे खायचं काम नाही," हे मेस्त्रीचं पालुपद. भिंगरी तेव्हा त्याच्याच दुकानात कारागीर होता. ही कथा त्याने इतक्या वेळा ऐकली होती, की मेस्त्री मधे खोकला तर पुढचं वाक्य तो पुरं करायचा.

एक दिवस तो म्हणाला, "दादा, मीही म्हणतोय आपलं स्वतःचं काही काढावं."

मेस्त्रीला मनातून गंमत वाटली. "काढ की. मी काढलं तसं काढ," तो म्हणाला. त्या 'तसं'मध्ये त्याने आपली सगळी वर्षं कोंबली होती.

पुढच्या आठवड्यात भिंगरी पूल ओलांडून पलीकडच्या बाजारात कापड आणायला गेला. दुपारी मेस्त्रीच्या दुकानात फोन वाजला.

"दादा, दुकान टाकलं!"

"म्हणजे अर्ज टाकलास."

"अर्ज नाही, दुकान. सकाळी कचेरीत सहज चौकशीला गेलो होतो. बाई म्हणाली, नाव सांगा, धंदा सांगा, जागा सांगा. मी सांगितलं. म्हणाली, झालं."

"काय झालं?"

"तेच मी विचारलं. म्हणाली, दुकान झालं."

मेस्त्रीने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. "अरे वेड्या, कुणीतरी टोपी घातली तुला. मीटर? आग? पाटी?"

"मीटरवाला उद्या येतोय. पाटी कितीही मोठी लावा म्हणाली, फक्त वाऱ्याने कुणाच्या डोक्यात पडू देऊ नका."

फोन ठेवल्यावर मेस्त्री अर्धवट उसवलेल्या सोफ्यावर मटकन बसला. मग उठला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या पानवाल्याला थांबवून म्हणाला, "आमचा साडू फसला बघ." हे तो इतक्या आनंदाने म्हणाला की पानवाल्याला वाटलं, काहीतरी चांगली बातमी आहे.

पण साडू फसला नव्हता. आठवडा गेला, महिना गेला, दुकान चालूच. मेस्त्री रोज वाट पाहायचा, की आज धाड पडेल, उद्या सील लागेल. घरी बायको बहिणीशी फोनवर बोलायची आणि हा ताटावर बसून कान टवकारायचा. "अगंबाई, दोन मशिनं घेतली? … तू पण बसतेस दुकानात? … काउंटरवर?" असं काही कानावर आलं की भाकरीचे नुसतेच तुकडे करत बसायचा.

"बरं चाललंय हो त्यांचं," बायको फोन ठेवून म्हणायची.

"चालणारच. आयतं मिळालंय. कानामागून आली आणि तिखट झाली!"

"तुम्हाला नव्हतं मिळालं, म्हणून त्यांनाही मिळू नये का?"

"मी तसं म्हटलं का?" मेस्त्री ओरडायचा. तसं त्याने म्हटलं नव्हतं, एवढं खरं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दोघं पलीकडे गेली. मेस्त्री चांगला शर्ट घालून, दुसऱ्याच्या घरातली पाल पाहायला निघाल्यासारखा निघाला. दुकान मोठ्या रस्त्यावर, रुंद दाराचं, आत ऊन येणारं. कोपऱ्यात फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या, भिंतीला कापडाचे नमुने रंगाप्रमाणे टांगलेले. पाटी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, अक्षरं ऐसपैस, मांडी घालून बसल्यासारखी. धाकटी मेहुणी काउंटरमागून लगबगीने आली, "या भाऊजी, बसा," म्हणाली आणि तिने नव्याने मढवलेली खुर्ची पुढे केली. मेस्त्रीने बसण्याआधी खुर्ची उलटी करून खालची शिवण पाहिली. शिवण चांगली होती. ते त्याला फारच लागलं.

"अग्निशमनवाला आला होता का?" त्याने विचारलं.

"आला ना," भिंगरी म्हणाला. "सिलिंडर कुठे टांगायचं, दार कुठल्या बाजूला उघडायचं, सगळं सांगून गेला. चांगला माणूस."

मेस्त्री पुढे झुकला. आवाज खाली आणून म्हणाला, "काय घेतलं?"

"घेतलं ना. माझं पेन."

"पेन?" मेस्त्रीचा चेहरा उजळला.

"सही करायला दिलं, ते खिशाला लावून गेला. दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं बिचाऱ्याने, सायकल मारत."

भिंगरी हसला, दोघी बहिणी हसल्या. मेस्त्री हसला नाही. दुकान, पाटी, ऊन, हे सगळं एक वेळ त्याने पचवलं असतं. पण परत आलेलं ते पेन त्याला पचेना. घरी येताना पुलावर तो बायकोला म्हणाला, "सायकल मारत! थापा नुसत्या." आणि थोडं पुढे गेल्यावर स्वतःशीच पुन्हा, "सायकल मारत."

त्यानंतर मेस्त्रीने जे केलं ते त्याला शोभणारं नव्हतं. दुकान उघडल्यापासून एक गोष्ट तो शिकला होता, की तक्रार गेली की दुकान बसलं. त्याच्या आळीतला एक चष्मेवाला कुणाच्या तरी निनावी तक्रारीने बंद पडला होता. चौकशी संपेपर्यंत गिऱ्हाइकांनी दुसरीकडे चष्मे केले. तर एका दुपारी मेस्त्री स्टेशनजवळच्या फोनवर गेला, तोंडावर रुमाल धरला आणि पलीकडच्या कचेरीला कळवलं, की अमुक रस्त्यावरच्या सोफ्याच्या दुकानात चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास येतो, लोकांना चक्कर येते.

"आपलं नाव?" तिकडून बाईने विचारलं.

"शेजारी," म्हणून त्याने फोन आपटला. घरी जाऊन हात धुतले, जेवला, आणि बऱ्याच दिवसांनी दुपारची झोप घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरीचा फोन आला. "दादा, गंमत ऐका. कुणीतरी तक्रार केली माझी."

"कोण रे असला नीच?" मेस्त्री म्हणाला. आवाज जरा जास्तच चढला.

"नीच कसला, देवमाणूस म्हणा. तपासायला एक बाई आली, नाक वर करून वास घेतला, म्हणाली, या भिंतीला वास बाहेर फेकणारा उलटा पंखा लावा. लावला. तासाभरात काम फत्ते. आणि खरं सांगू का, हिचं डोकं दुखायचं ना रोज, ते थांबलं! ही म्हणते, तो तक्रारवाला भेटला तर त्याला जेवायला घालू."

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण, तसली गत. मेस्त्रीने त्याच रात्री बायकोकडून पोटदुखीची गोळी मागून घेतली. दुखत होतं ते पोटच, पण गोळीने थांबणारं नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. मग हळूहळू दोन्ही काठांवर एकच वारं सुटलं. कारखान्यातले तयार सोफे आले, हलके आणि स्वस्त. बसून बसून खळगा पडला की लोक तो रस्त्याकडेला टाकून नवा आणू लागले. दुरुस्ती कोण करणार? मेस्त्रीच्या दुकानात आठवडेच्या आठवडे कुणी फिरकेना. घरी मात्र तो काही बोलला नाही. रोज सकाळी डबा घेऊन जायचा, शटर वर करायचा, रिकाम्या दुकानात बसायचा आणि वेळेवर घरी यायचा. शिवायला कव्हरं का येत नाहीत, असं बायकोने विचारलं तर म्हणायचा, "हल्ली लोकांना तयार कव्हरं लागतात."

आणि एक दिवस बायको फोनवरून उठून डोळे पुसत आली. "अहो, त्यांचं दुकान बंद होतंय."

मेस्त्री पायातली चप्पल काढत होता. एक पायात, एक हातात, तसाच उभा राहिला. आधी छातीत काहीतरी हललं. एकाच उस्तादाच्या हाताखाली एकाच फळीवर बसून शिकलेली पोरं होती ती, शेवटी. पण ते हललेलं बसायच्या आत त्याखालून दुसरंच काहीतरी वर आलं, ऊन ऊन, गोड. आली एकदाची खाली भिंगरी. आता कळेल.

"जायला हवं," तो गंभीर तोंड करून म्हणाला. "अशा वेळी आपल्या माणसानं जायला हवं."

वाटेत त्याने मनात सगळं जुळवलं. खांद्यावर हात ठेवायचा. म्हणायचं, 'होतं असं. आयतं आलेलं टिकत नाही, हे मी आधीच म्हटलं होतं, पण जाऊ दे.' बुडत्याचा पाय खोलात, तेव्हा पुढचे हाल कसे असतील त्याचीही त्याने कल्पना करून ठेवली. भिंगरी पुन्हा आपल्याकडे कामाला येतो म्हणेल. आपण थोडं थांबायचं, छताकडे पाहायचं, आणि मग 'बघू' म्हणायचं. आपल्याकडेही काम नाही, हे त्या कल्पनेत त्याच्या लक्षातच आलं नाही.

तिथे पोहोचले तर भिंगरी शीळ घालत फोमच्या लाद्या टेम्पोत चढवत होता. धाकटी पदर खोचून झाडत होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण तीही मधेच त्याच्या शिळेवर हसत होती. दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं.

"दादा! बरं झालं आलात, धरा ती बाजू," भिंगरी म्हणाला. मेस्त्रीचा खांद्यावर ठेवायचा हात लादीखाली गेला.

"कळलं ते. ऐकून वाईट वाटलं," मेस्त्री लादी धरूनच म्हणाला.

"वाईट तर वाटलंच. चार दिवस नीट जेवलो नाही. पण काय करणार, गिऱ्हाईकच नाही. मग काल गेलो आणि बंद केलं."

"काल अर्ज दिलास?"

"अर्ज काय, बंद केलं. तीच कचेरी, तीच बाई. म्हणाली, का हो? मी कारण सांगितलं. कुणाचं देणं आहे का म्हणाली. होतं ते मशिनं विकून भागवलं होतं, त्याच्या पावत्या दाखवल्या. म्हणाली, ठीक आहे, पुन्हा काही काढायचं झालं तर या. पुढच्या महिन्यात जाणारच आहे. बसगाड्यांच्या सीटा मढवायचं काढतोय. सोफे टाकून देतील, बस कोण टाकून देतं?"

मेस्त्रीने लादी सोडली. ती भिंगरीच्या पायावर पडली, पण फोमचीच असल्यामुळे लागलं काही नाही.

"काल बंद केलंस," मेस्त्री म्हणाला.

"हो."

"एका दिवसात."

"अहो, अर्ध्या. दुपारी घरी जेवायला होतो."

आणि मग मेस्त्रीला काय झालं ते त्यालाही कळलं नाही. तो मोकळ्या दुकानात मधोमध उभा राहिला आणि ओरडू लागला. "तुला बंदसुद्धा करता येतं रे! उघडलंस तेव्हा मी सोसलं. चाललं तेव्हा सोसलं. म्हटलं, असेल याचं नशीब. पण बुडतानाही तू असा बुडतोस? शीळ घालत? मला बंद करायचंय, ऐकतोयस का, मला माझं दुकान बंद करायचंय आणि मला करू देत नाहीत!"

दोघी बहिणींचे हात होते तिथे थांबले.

"परवानगी मागितली मी," मेस्त्री म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "कधीचीच मागितली. म्हणाले, परवानगी येईपर्यंत दुकान बंद ठेवता येणार नाही, ठेवलंत तर दंड. म्हणून रोज उघडून बसतो. मग तपासायला माणूस आला, खरंच बंद होतंय का बघायला. बघितलं तर उघडं. 'दुकान चालू आढळले' असं लिहून अर्ज बाद केला. पुन्हा अर्ज केला. पुन्हा बसलोय." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "दोन दिवाण आणि एक खुर्ची, तेवढंच काम आलं वर्षात. मी नुसता बसतो तिथे. डबा खातो आणि बसतो."

भिंगरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्या बायकोने त्याला कोपराने गप्प केलं. मेस्त्रीची बायको पुढे आली. तिने नवऱ्याच्या शर्टाला चिकटलेला फोमचा भुसा दोन बोटांनी काढला, आणि म्हणाली, "चला, टेम्पो भरून घेऊ आधी. अंधार पडेल."

परतताना दोघं पायीच पुलावर आली. चौकी मागे पडल्यावर ती म्हणाली, "एवढं सगळं मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली." मग थोड्या वेळाने, "मला त्याचा हेवा वाटतो गं. पहिल्यापासून. आता तर त्याच्या बुडण्याचाही वाटला. माणूस आहे का मी?"

ती चालता चालता थांबली नाही. "मला तुमचा वाटायचा," ती म्हणाली.

"माझा? माझं काय होतं हेवा करण्यासारखं?"

"दुकान होतं. सकाळी उठून जायला जागा होती. मशीन घरी आणलंत ना, त्या दिवसापासून वाटायचा. तुम्ही परवान्याची कथा सांगायचात. आम्हाला नाकारण्यापुरतंही कुणी विचारलं नाही." खालून पाणी जात होतं. ती म्हणाली, "मी धाकटीशी बोललेय. पडदे आणि उशांचे अभ्रे. ती जागा अजून महिनाभर त्यांच्याकडेच आहे. परवा कचेरीत जाणार आम्ही."

"परवा?" मेस्त्री म्हणाला. जुना हेवा पुन्हा डोकं वर काढत होता, आणि आता तो कुणाचा आहे हे ओळखून तो स्वतःच दचकला.

ठरल्या दिवशी तोही बरोबर गेला. बायको नको म्हणाली, तरी गेला. म्हणाला, कचेऱ्यांचं तुम्हाला काय कळतं. पिशवीत त्याने सापडतील तेवढे कागद घातले होते, लग्नाच्या दाखल्यापासून विजेच्या बिलांपर्यंत, प्रत्येकाच्या चार प्रती. कचेरी म्हणजे एक साधी खोली होती. खिडकीत कुंडी, टेबलामागे चष्मा लावलेली एक मध्यमवयाची बाई. रांगेत यांच्यापुढे फक्त एक न्हावी होता. तो टेबलापाशी जाऊन लगेच परत फिरला तेव्हा मेस्त्रीला वाटलं, काहीतरी विसरला म्हणून परत चाललाय. पण त्याचं काम झालं होतं.

"काय काढायचंय?" बाईने विचारलं.

"पडदे आणि अभ्रे शिवायचं दुकान," मेस्त्रीची बायको म्हणाली. एवढं मोठं वाक्य ती परक्या माणसासमोर प्रथमच इतक्या खड्या आवाजात बोलली असावी. धाकटीने जागा सांगितली. बाईने लिहून घेतलं, दोघींची ओळखपत्रं पाहिली, दोघींच्या सह्या घेतल्या.

मेस्त्रीने पिशवीत हात घातला. "हे अग्निशमनचं …"

"ते येतील तिकडे. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"वीजबिल? चार प्रती आहेत."

"एकही नको."

"एवढंच?"

"अजून काय हवं होतं?" बाईने चष्म्यावरून पाहिलं.

मेस्त्रीला राग आला. खरोखरचा, कानशिलं तापवणारा. "मग तुम्ही दिवसभर करता काय?" तो म्हणाला.

बायको ओशाळली. टेबलामागची बाई मात्र हसली. "लोकांची दुकानं काढते," ती म्हणाली. आणि सहज, पुढच्याला विचारावं तसं तिने विचारलं, "तुमचं? तुम्हाला काय काढायचंय?"

मेस्त्रीने तोंड उघडलं. नकाराला द्यायची उत्तरं त्याच्यापाशी ढिगाने होती. साहेब नाहीत म्हटलं तर काय म्हणायचं, शिक्का पुसट आहे म्हटलं तर काय, उद्या या म्हटलं तर परवा कसं यायचं, सगळं जिभेवर होतं. पण कुणी हो म्हणायला बसलं आहे आणि आता आपण बोलायचं आहे, असा प्रसंग त्याच्यावर कधी आलाच नव्हता. भिंगरीचं सगळं त्याला हवं होतं, पाटी, ऊन, पेन, सगळं. पण आपल्याला स्वतःला काढायचं काय, हे त्याने एकदाही मनाशी ठरवलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मी सोबत आलोय."

दुकान चाललं. बहिणी-बहिणींचं भांडणही रोज चाललं, पण ते गिऱ्हाइकांना आवडायचं. भिंगरी शेजारच्या रस्त्यावर बसगाड्यांच्या सीटा मढवू लागला आणि म्हणू लागला, की आता होड्यांच्या गाद्याही घेऊ. मेस्त्री सकाळी आपलं शटर वर करायचा, दुपारपर्यंत बसायचा, आणि मग पुलावरून पलीकडे जाऊन बायकोच्या दुकानात पडद्यांच्या दांड्या बसवून द्यायचा. गिऱ्हाइकं त्याला "बाईंचा माणूस" म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो जेवला नाही. नंतर जेवू लागला.

त्याच्या दुकानाला बंद व्हायची परवानगी मिळाली ती दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात. साहेबांच्या बदल्या झाल्या होत्या आणि नव्या साहेबाला टेबल रिकामं हवं होतं, एवढंच कारण. मेस्त्रीने शटर ओढलं, किल्ली घरमालकाला दिली आणि नेहमीच्या वाटेने पुलाकडे निघाला. हातात काही नव्हतं. पलीकडे पोहोचला तेव्हा बायको काउंटरवर एका गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवत होती, डोळे त्या कापडावर, हात भराभर चालत होते. मेस्त्री दारात उभा राहून तिच्याकडे पाहत राहिला. हेवा वाटलाच. पण आज त्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं, नव्या कापडाच्या वासासारखं.

"झालं का?" तिने मान वर न करता विचारलं.

"झालं."

"मग बसा. चहा सांगितलाय."

तो बसला. जरा वेळाने म्हणाला, "अगं, एक विचारायचं होतं. खुर्च्यांचं काम इथे कुणी करतं का, वेताच्या? जुन्या वेताच्या, विणायच्या?"

तिने हातातलं कापड खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "या रस्त्याला तरी नाही कुणी."

"नाही ना?" मेस्त्री म्हणाला. "मला वाटलंच." आणि चहा येईपर्यंत तो खिडकीतून कचेरीच्या दिशेने पाहत बसला.